यंत्रांची प्राणप्रतिष्ठा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळीं आमच्या आळींत जो प्रकार दरवर्षीं घडत असे तो वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. मूर्ति घरोघर आलेल्या असत. पेणच्या एकाच साच्यांतून निघालेल्या, रंगानें व सोंडेनें सारख्या. परंतु प्राणप्रतिष्ठेवांचून ती नुसती माती. गुरुजी एक आणि घरें चाळीस. पहिल्या घरीं सूर्योदयाबरोबर पूजा होई, तर शेवटच्या घरीं नैवेद्याचे मोदक गार होऊन जात. पुढें ध्वनिमुद्रित पूजेची कॅसेट निघाली, आणि एकच आवाज एकाच वेळीं चाळीस घरांत मंत्र सांगूं लागला. गुरुजींची धांवपळ संपली. पण मंत्र चुकला तर तो आतां चाळीसहि घरांत चुकणार, ही गोष्ट त्याबरोबरच आली.

संगणकांच्या इतिहासांत असाच प्रसंग येऊन गेला आहे, व तो जितका महत्त्वाचा तितकाच उपेक्षित आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. कारखान्यांतून आलेलें कोरें यंत्र म्हणजे निव्वळ पत्र्याची पेटी. ज्या मूळ आज्ञासंचास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तो तिच्यांत उतरविल्यावांचून तिला कळफलक, पडदा, जाळें ह्यांपैकीं कशाचा उपयोग करतां येत नाहीं. घरांत एकच यंत्र असलें तर हें काम तासाभराचें. परंतु जेथें यंत्रें दहा हजार आहेत अशा विद्यापीठांत, बँकेंत किंवा जहाजकंपनींत हें काम कोणीं, कसें आणि कोणाच्या आज्ञेनें करावयाचें, हा प्रश्न राज्यकारभाराच्या प्रश्नाहून फारसा निराळा नाहीं. शोधकांचीं व धनाढ्यांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं. ह्या प्रश्नाचा इतिहास मात्र कारकुनी बाब म्हणून मागें पडला. मी इतिहास शिकवितों, यंत्रशास्त्र नव्हे. तेव्हां तज्ज्ञांनीं येथें फार बारकाव्यांची अपेक्षा करूं नये.

ह्या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें २००२ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत. आमच्या महाविद्यालयांत चाळीस संगणकांची प्रयोगशाळा नुकतीच उभी राहिली होती, आणि प्रत्येक यंत्रांत विंडोज उतरविण्याचें काम प्रयोगशाळेच्या परिचरांकडे आलें होतें. त्यांस आम्ही सर्व मामा म्हणत असूं. मामा सीडी घालीत, पडद्यावर प्रश्न येई तेव्हां उत्तर देत, पंचवीस अक्षरांचा परवाना-क्रमांक एका बोटानें टाइप करीत, आणि शेजारच्या यंत्राकडे सरकत. एक यंत्र पुरें होण्यास सुमारें तास लागे. दिवसाला पांच-सहा यंत्रें होत, कारण वीज मधूनमधून जाई. आठव्या दिवशीं चाळिसावें यंत्र झालें तेव्हां लक्षांत आलें कीं, अकराव्या यंत्रांत घड्याळ भलत्याच देशाचें निवडलें गेलें आहे, आणि सव्विसाव्यांत मराठी अक्षरांची सोय घालावयाची राहिली आहे. मामांस दोष देण्यांत अर्थ नव्हता. एकच उत्तर चाळीस वेळां तंतोतंत तसेंच देणें मनुष्याच्या स्वभावांत नाहीं.

आरंभींच्या काळीं तर मनुष्याचा हात ह्याहून खोलवर गुंतलेला होता. १९६५ सालीं निघालेल्या पीडीपी-८ ह्या यंत्राच्या दर्शनी फळीवर खटक्यांची एक रांग असे. यंत्र पूर्ण कोरें असलें म्हणजे चालक ते खटके वरखालीं करून पंधरा-वीस आंकडे एकेक करून आंत भरी. एवढ्या आंकड्यांनीं यंत्राला फक्त छिद्रांची कागदी फीत वाचण्याची बुद्धि येई. मग त्या फितीवरून थोडा मोठा आज्ञासंच आंत येई, आणि त्याच्या आधारानें त्याहून मोठा. ह्या क्रियेस इंग्रजींत जें नांव पडलें तें बुटाच्या मागचा चामडी पट्टा धरून स्वतःस उचलून घेण्याच्या कल्पनेवरून. आज आपण 'संगणक बूट झाला' असें सहज म्हणतों त्यांतला बूट तो हाच. नट कितीहि तरबेज असला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, असा आमच्या शास्त्रकारांचा एक न्याय आहे. त्या न्यायास येथेंहि बाध येत नाहीं. यंत्र स्वतःस उचलतें असें दिसतें, पण पहिलें बोट कोणीतरी लावावेंच लागतें. त्या बोटाची जागा दुसऱ्या कोणास द्यावी, ह्याच विवंचनेंत पुढचीं कित्येक वर्षें गेलीं.

१९८० च्या सुमारास अमेरिकन विद्यापीठांत लहान लहान यंत्रें तारांच्या जाळ्यानें एकमेकांस जोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां ही जागा जाळ्यालाच देतां येईल असें कांहींच्या मनांत आलें. त्यांतल्या कित्येक यंत्रांत स्वतःची डिस्कच नसे. सर्व कांहीं मध्यवर्ती यंत्रावरून यावयाचें. अडचण अशी कीं, नुकत्याच जाग्या झालेल्या कोऱ्या यंत्राला आपला पत्ता ठाऊक नसतो, नांव ठाऊक नसतें, आणि कोणाकडे जावयाचें तेंहि ठाऊक नसतें. त्याजवळ असतो तो फक्त कारखान्यांत दिलेला अठ्ठेचाळीस बिटांचा एक क्रमांक; त्यास जन्मखूण म्हणा. १९८४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील चौघांनीं अशी एक रीति लिहून काढली कीं, यंत्रानें ती जन्मखूण साऱ्या जाळ्यांत ओरडून सांगावी, आणि ज्याच्याजवळ वही असेल त्यानें त्याला त्याचा पत्ता सांगावा. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९८५ मध्यें, बिल क्रॉफ्ट व जॉन गिल्मोर ह्यांनीं 'बूटपी' नांवाची रीति प्रसिद्ध केली. तींत पत्त्याबरोबरच 'अमुक यंत्राकडे जा आणि अमुक नांवाची फाइल माग' एवढेंहि उत्तर येऊं लागलें. ती फाइल आणावयाची रीति त्याआधींच, १९८१ सालीं, एम.आय.टी.मधील केरेन सोलिन्स ह्यांनीं लिहून ठेविली होती. ती इतकी साधी कीं, पांचशें बारा अक्षरांचा एक घास पाठवावयाचा, 'पोंचला' असें उत्तर येईपर्यंत थांबावयाचें, आणि मग दुसरा. साधेपणा हाच तिचा गुण, कारण यंत्राच्या कायम स्मृतीच्या अगदीं चिमुकल्या कोपऱ्यांत ती मावत असे.

ह्या तिन्ही रीतींत एक गोष्ट नाहीं, ती म्हणजे ओळख पटविणें. परवलीचा शब्द नाहीं, मोहोर नाहीं, सही नाहीं. कोरें यंत्र ओरडतें, आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतें. म्हणून त्या रचणाऱ्यांस कोणी भोळे म्हणूं नये. विद्यापीठाच्या एखाद्या विभागांत परस्परांस ओळखणारीं माणसें जाळें वापरीत असतां दाराला कुलूप घालण्याचें कोणास सुचणार? खेड्यांतलीं घरेंहि एके काळीं उघडींच असत. इतिहासाच्या अभ्यासकास चमत्कारिक वाटतें तें निराळेंच: खेड्याचें महानगर झालें तरी दार तसेंच राहिलें. बूटपीचें विस्तारलेलें रूप, म्हणजे बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स ह्यांनीं ऑक्टोबर १९९३ मध्यें प्रसिद्ध केलेली डीएचसीपी, आज घरोघरच्या वायफायच्या पेटींत आहे. १९९९ च्या सप्टेंबरांत इंटेल कंपनीनें ह्या साऱ्या रीति एकत्र बांधणाऱ्या 'पीएक्सई' ह्या नियमावलीची आवृत्ति काढली, आणि पुढें कचेरींतल्या साध्या संगणकांतहि ती सोय कारखान्यांतूनच येऊं लागली.

यंत्र दारापर्यंत आलें. पण आंत आल्यावर जे प्रश्न विचारले जातात त्यांचीं उत्तरें कोणीं द्यावयाचीं? डिस्कचे भाग किती, भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचें, परवाना-क्रमांक काय? नव्वदीच्या दशकांत सन कंपनीच्या 'जंपस्टार्ट'नें ह्यास एक व्यवस्थित तोड काढली. मध्यवर्ती यंत्रावर नियमांची एक वही ठेवावयाची: ज्या यंत्राची स्मृति इतकी त्यास हा संच, ज्याचें नांव असें त्यास तो. मायक्रोसॉफ्टनें उत्तरांची फाइल आणली, रेड हॅटनें 'किकस्टार्ट' आणलें. तपशील निराळे, मर्म एक. मामांच्या बोटांत जें होतें तें कागदावर उतरलें. बखरीवाले जें तोंडी ऐकून लिहीत आणि दफ्तरदार जें नमुन्यांत भरीत, त्या दोहोंत जो फरक, तोच येथें पडला. एकदां उत्तरें लिहिलीं गेलीं म्हणजे तीं वाचतां येतात, तपासतां येतात, आणि कोणी केव्हां काय बदललें तें विचारतां येतें.

परंतु लिहून ठेवण्यास विचार लागतो, आणि विचारास वेळ. म्हणून दुसरा, सोपा मार्ग अधिक लोकप्रिय झाला. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं मरे हॅझर्ड ह्यांनीं नव्वदीच्या दशकाच्या मध्यास 'घोस्ट' नांवाचा कार्यक्रम तयार केला. १९९८ सालीं तो सिमँटेक कंपनीनें विकत घेतला. त्याची युक्ति अशी: एक यंत्र मन लावून सजवावयाचें, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढावयाची, आणि ती बाकीच्या यंत्रांवर छापावयाची. प्रश्नहि नकोत आणि उत्तरेंहि नकोत.

आमच्या प्रयोगशाळेंतहि दोन वर्षांनीं हा प्रयोग झाला. एका माजी विद्यार्थ्यानें अशा एका कार्यक्रमानें चाळीसहि यंत्रें एका दिवसांत भरून दिलीं, आणि आम्ही त्याचा पेढे देऊन सत्कार केला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकामागून एक यंत्र तक्रार करूं लागलें कीं, ह्या नांवाचें यंत्र जाळ्यांत आधींच आहे. "सर, चाळीस पोरांचं बारसं एकाच नांवानं केलंय यांनी," असें मामा म्हणाले. त्यांच्या स्वरांत थोडें समाधान नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. मग तेच पुन्हां एकेका यंत्रापाशीं बसले आणि चाळीस नांवें घालून उठले.

नांव तर दिसतें तरी. विंडोजच्या पोटांत प्रत्येक यंत्राचा एक न दिसणारा ओळख-क्रमांकहि असतो, व नकल केली म्हणजे तोहि नकल होतो. मायक्रोसॉफ्टनें सांगितलें कीं, नकल काढण्यापूर्वीं 'सिसप्रेप' नांवाच्या साधनानें यंत्राची ओळख पुसून घ्यावी. मार्क रुसिनोव्हिच ह्या प्रसिद्ध तज्ज्ञानें तो क्रमांक बदलण्याचें एक निराळें साधन लिहिलें होतें, आणि असंख्य कचेऱ्यांत तें वर्षानुवर्षें भक्तिभावानें वापरलें गेलें. २००९ सालीं त्यांनीं स्वतःच तें मागें घेतलें व कबूल केलें कीं, सारख्या क्रमांकाचें भय विचारांतीं निराधार दिसतें. स्वतःच्या साधनाविषयीं इतक्या सरळपणानें लिहिणारा ग्रंथकार विरळा. परंतु गोष्ट तेथेंहि संपली नाहीं. २०२५ सालच्या विंडोजच्या सुधारणांनीं ओळखीची तपासणी कडक केली, आणि ज्यांनीं सिसप्रेपवांचून नकला काढल्या होत्या त्यांच्या यंत्रांस एकमेकांकडे प्रवेश मिळेनासा झाला. जो विधि सोळा वर्षांपूर्वीं अंधश्रद्धा ठरला होता त्याला असा शास्त्राधार पुन्हां मिळाला.

नकलेचें खरें वैगुण्य मात्र ह्याहून खोल आहे. जुन्या पोथ्या चाळलेल्या मनुष्यास तें सांगावयास नको. प्रतीवरून प्रत होत जातांना पहिल्या लेखकाचा हस्तदोष दुसऱ्याकडे पाठ म्हणून जातो, आणि तिसऱ्या पिढींत तो परंपरा होऊन बसतो. ज्ञानेश्वरीचे पाठ इतके भ्रष्ट झाले होते कीं शके १५०६ मध्यें एकनाथांस ती शुद्ध करावी लागली. डिस्कच्या प्रतिमेचें हेंच होतें. ती कोणीं, कोणत्या हेतूनें, कशी सजविली ह्याची नोंद तिच्यांत नसते; सजविणारा नोकरी सोडून गेला कीं उरते ती एक गूढ वस्तु, जिला हात लावण्यास सगळे भितात. वहीचा मार्ग कष्टाचा खरा, पण तेथें यंत्र म्हणजे पाककृतीवरून दर वेळीं ताजा केलेला पदार्थ असतो; पदार्थ बिघडला तरी कृति शाबूत राहते.

हा विचार ज्यांनीं पुढें नेला ते बहुतेक युरोपांतल्या विद्यापीठांचे सेवक होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. कोलोन विद्यापीठांतील थोमास लांगे ह्यांनीं १९९९ च्या सुमारास लिनक्स यंत्रें पूर्णपणें स्वयंचलित रीतीनें भरण्याची व्यवस्था लिहावयास घेतली. ऑस्लो येथें मार्क बर्जेस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनीं १९९३ सालीं 'सीएफइंजिन' लिहिलें. त्यांतली कल्पना अशी कीं, यंत्र एकदां भरून भागत नाहीं, कारण दुसऱ्या दिवसापासून तें बिघडूं लागतें. म्हणून तें कसें असावें ह्याचें वर्णन लिहून ठेवावें, आणि यंत्रानें स्वतःच वरचेवर त्या वर्णनाशीं आपली तुलना करून आपणांस सुधारून घ्यावें. अमेरिकेंत स्टीव्ह ट्रॉगॉट व जोएल हडलस्टन ह्यांनीं १९९८ सालच्या एका परिषदेंत निबंध वाचला. त्यांत शेंकडों यंत्रें सुटीं न मानतां सबंध संस्था हेंच एक मोठें यंत्र मानावें असा विचार होता. तसें मानलें म्हणजे एक प्रश्न ओघानेंच येतो: तें सबंध यंत्र उद्यां जळून गेलें, तर पुन्हां उभें करतां येईल काय? बहुतेक संस्थांनीं हा प्रश्न स्वतःस विचारलाच नाहीं. पुढें तो इतरांनीं त्यांस विचारला.

१४ मे २०१४ रोजीं अमेरिकेंतल्या एमरी विद्यापीठांत जें घडलें तें एखाद्या पुराणांत शोभेल. तेथें मध्यवर्ती यंत्रावरून आज्ञा देऊन कोणत्याहि विंडोज यंत्राची डिस्क पुसून तींत नवें विंडोज-७ घालण्याची सोय होती. त्या दिवशीं ती आज्ञा चुकून थोड्या यंत्रांऐवजीं सर्वच यंत्रांस गेली: मेजावरचीं, मांडीवरचीं, इतकेंच नव्हे तर सेवा पुरविणारीं मोठीं यंत्रेंहि. गोष्ट उघडकीस आली तेव्हां आज्ञा देणारें मध्यवर्ती यंत्र घाईघाईनें बंद करण्यांत आलें. पण तोंपर्यंत त्यानें स्वतःचीहि डिस्क पुसून टाकली होती. भस्मासुरानें आपल्याच मस्तकावर हात ठेवावा, तसें. मामांचा हात चुकला तेव्हां दोन यंत्रें चुकलीं होतीं. येथें हात कोणाचा चुकला हें विचारण्यापेक्षां, एका हाताच्या टप्प्यांत इतकें कां ठेविलें हें विचारणें अधिक न्यायाचें.

ती चूक होती. २०१७ सालीं जें झालें तें हेतुपुरस्सर होतें. युक्रेन देशांत हिशेबाचा एक कार्यक्रम घरोघर वापरला जाई व त्याच्या सुधारणा जाळ्यावरून आपोआप येत. २७ जून रोजीं त्याच वाटेनें 'नॉटपेट्या' नांवाचें विष आंत शिरलें. भरणाऱ्या वाटेनेंच पुसणारा आला. कांहीं तासांत तें मर्स्क ह्या डॅनिश जहाजकंपनीच्या जगभरच्या यंत्रांत पसरलें, आणि तिच्या ताब्यांतले धक्के मुके झाले. त्यांत आमच्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतला एक धक्काहि होता. युक्रेनांतल्या हिशेबाच्या वहीशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा उरणच्या किनाऱ्यावरचें काम त्यामुळें विस्कळित झालें.

कंपनीचे अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे ह्यांनीं पुढें जानेवारी २०१८ मध्यें दावोस येथें जाहीरपणें सांगितलें कीं, चार हजार सर्व्हर, पंचेचाळीस हजार संगणक आणि अडीच हजार कार्यक्रम दहा दिवसांत नव्यानें उभे करावे लागले. हा आंकडा वाचून मला आमचीं चाळीस यंत्रें व आठ दिवस आठवले. केवळ हातांनीं हें झालें नसतें. गेल्या तीस वर्षांत जी युक्ति सांचत आली होती ती येथें कामास आली. पण तींत एक मोठें छिद्र होतें. कोणतें यंत्र कोणाचें, कोण कोठें शिरूं शकतो, ह्याची जी मूळ वही, तिच्या सुमारें दीडशें प्रति जगभर होत्या व त्या एकमेकींस सतत ताज्या करीत असत. एक गेली तर दुसरी आहे, अशी ती योजना. सगळ्या एकाच वेळीं जातील हें कोणीं धरलेंच नव्हतें, आणि त्या गेल्या. वायर्ड मासिकांत अँडी ग्रीनबर्ग ह्यांनीं २०१८ सालीं दिलेल्या वृत्तांताप्रमाणें एकच प्रत वांचली, ती आफ्रिकेंतल्या घाना देशांत. हल्ल्यापूर्वीं तेथली वीज गेली होती आणि तें यंत्र जाळ्यापासून तुटलें होतें. तेथल्या तारेवरून ती प्रत इंग्लंडास पाठविण्यास फार दिवस लागले असते. तेथल्या कोणाजवळ इंग्लंडचा परवाना नव्हता. अखेर घानाचा एक मनुष्य विमानानें नायजेरियास गेला, विमानतळावर त्यानें ती डिस्क दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडास गेला. आमच्या प्रयोगशाळेंत वीज गेली म्हणजे आम्ही वैतागत असूं. एका खंडांतरीय कंपनीची वही गेलेल्या विजेनें राखली.

१९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक कार्यक्रमाची एक सदोष फाइल अशीच आपोआप जगभर पोंचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें पंच्याऐंशीं लाख यंत्रें कोसळलीं. फाइल तासा-दीड तासांत मागें घेतली गेली. परंतु पुष्कळ यंत्रें पुन्हां पुन्हां सुरू होत व पुन्हां पुन्हां पडत. सुधारलेली फाइल घेण्याइतका वेळहि तीं जागीं राहात नसत. त्या दिवशीं भारतांतल्या विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आणि मोठमोठ्या कचेऱ्यांतले तंत्रज्ञ मेजामेजाला जाऊन, खुर्ची ओढून, एकेका यंत्रासमोर बसले. ज्या यंत्राच्या डिस्कला गुप्त कुलूप होतें तेथें आधीं अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली टाइप करावी लागे, मग ती एक फाइल पुसावयाची, मग पुढचें यंत्र.